आपण उलटा पाहिलेला सिनेमा

प्रिय मीनाचे बाबा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर तुमचा तो इटलीचा खुनाचा सिनेमा लावायचा, असं शेजारच्या कवडूजींनी परस्पर ठरवून टाकलं. तो जगात एवढा का गाजला, यावर मला दोन शब्द बोलायचे आहेत. पण त्याआधी तुम्हाला सांगायला हवं असं काही घडलं, म्हणून लिहायला बसले.

दवनीवाड्यात धान घरात आलं की घरापुढच्या छपरीत टीव्ही मांडून तुम्ही सिनेमे दाखवायचात. बाकीचे येऊन गेले, पण गोंदियाच्या बाजारातून आणलेल्या या सिनेमाच्या दोन सीडी दरवर्षी लागायच्याच. सिनेमा इटलीचा, पण बोलणं इंग्रजीत; ते कोणाला कळत होतं? तुम्ही टीव्हीशेजारी उभे राहून आपल्या बोलीत सगळं सांगायचात. खुन्याचे काळे हातमोजे दिसले की बाया पदर तोंडात धरायच्या.

तुम्ही म्हणायचात, "पाह्य, पहिले खून दाखवले, मंग खुनी. अन् शेवटी मेलेल्या साऱ्या पोरी हासून राहिल्या. असा सिनेमा कोणाले जमते का?" नटांची नावं मध्येच कशी येतात, असं मी विचारलं, तर बाहेरच्या सिनेमात तसंच असते म्हणालात.

गेल्या आठवड्यात मीनाने तो नागपूरहून पेनड्राइव्हवर आणला. नावं सुरुवातीलाच आली. पोरी आधी हसल्या, मग एकेक मेल्या, खुनी अगदी शेवटी कळला. अहो, आपल्या सीडींवर कोणीतरी पेनाने एक आणि दोन हे आकडे उलटे टाकले होते! इतकी वर्षं सारं गाव मागचा भाग आधी पाहत होतं.

"आई, कोणाला सांगू नको. बाबांचं हसं होईल," मीना म्हणाली. सिनेमा कळणारा माणूस म्हणून गावात तुमचं नाव. ते मी माझ्या हाताने पुसू का?

मी तो सरळ क्रमाने पुन्हा पाहिला. गाजण्यासारखा आहे, हे मान्य. लाल उजेडात नुसता रिकामा जिना दाखवतो आणि छातीत धस्स होतं. तसे जिने, तसे हातमोजे नंतर कितीतरी हिंदी सिनेमांत आले. पण त्या पोरींसाठी तिथे कोणी रडत नाही. एक पडली की कॅमेरा दुसरीच्या मागे. मरण एवढं देखणं असतं का हो? तुम्हाला शेवटचं दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठे राहिली, हे मी कितीतरी दिवस विचारत फिरले.

आपल्या उलट्या सिनेमात शेवटी एक पोरगी दारात केस बांधत उभी असायची. तिचं पुढे काय होणार ते आपल्याला माहीत, तिला नाही. मला तिथेच रडू यायचं. "खुनाच्या वेळी नाही, अन् आता काऊन रडून राहिली?" असं तुम्ही विचारायचात. तेव्हा सांगता आलं नाही. ती अजून होती, म्हणून रडत होते.

थोडं हसं झालं तर होऊ द्या. खोटी स्तुती तुम्हाला कधी चालली नाही. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तरी चारचौघांत सांगायचात, आठवतं?

परवा सीडींची गोष्ट मीच सांगीन, दुसऱ्या कोणाच्या तोंडून जाऊ देणार नाही. सिनेमाने नाव कसबावर कमावलं, पण मेलेल्यांची कदर त्यात तुमच्या उलट्या सीडींनी आणली, हेही सांगीन. मग आपल्याच सीडी लावीन, नेहमीच्या क्रमाने, आणि टीव्हीशेजारी मी उभी राहीन. माझा आवाज तुमच्याएवढा मोठा नाही. तरी मागे बसलेल्यांनाही ऐकू जाईल, असं बोलेन.

तुमची,
मीनाची आई