पहिला ओस्टरकांप

म्युन्स्टर, गुरुवार

प्रिय आई,

मी बरी आहे, काळजी करू नकोस. बाबा सूप तरी घेतात का? फोन त्यांच्या उशाशी असतो, म्हणून हे लिहून कळवतेय.

चर्चच्या जुन्या नोंदी सापडल्या. पाद्रीबुवांचं अक्षर गिचमिड, तरी लग्नाची ओळ लागली. बाबांचा लाडका, आपल्या घराण्याचा पहिला ओस्टरकांप मुळात ओस्टरकांप नव्हताच गं! शेतावरचा गडी होता. मालकाच्या एकुलत्या मुलीशी लग्न केलं आणि तिकडच्या रीतीनं त्या शेताचंच नाव, ओस्टरकांप, लावलं. त्याच्या आधीच्या नावावर शाई सांडलीय.

आपल्या आल्मुटशी लग्न करून योखेननं तिचं आडनाव लावलं, तेव्हा बाबा काय म्हणाले होते? "नाव लावून कुणी ओस्टरकांप होत नसतं, जावईबापू!" तेव्हापासून तो बिचारा आपल्या घराची पायरी चढला नाही. आल्मुट एकटीच येते ना अजून?

काल फोनवर बाबांनी धापा टाकत विचारलं, "सापडला का आपला मूळपुरुष?"

"अक्षर लागत नाहीये, बाबा."

"लवकर लाव. आता वर भेटेल, तर त्याला नावानं हाक मारायला नको?"

काय सांगू त्यांना, आई?

तुझीच,
हायके