साडूला विसापूर दाखवतो

३० नोव्हेंबर, रविवार

चिंचवडला सुषमाच्या मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा. बासुंदी पातळ. जेवणं झाल्यावर साडूने पुन्हा तो व्हिडिओ लावला. या वेळी हॉलच्या मोठ्या स्क्रीनवर.

सगळं सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी राग विसरायला नको. गेल्या डिसेंबरात आमची दोन्ही घरं मिळून उत्तराखंडला गेलो होतो. आधी डोंगर, मग नॅशनल पार्क. सगळी व्यवस्था प्रज्ञेशची. प्रज्ञेश म्हणजे सुषमाच्या धाकट्या बहिणीचा, कोमलचा नवरा. राहणार बाणेर, नोकरी आयटीत, सदा हसरा. पहाटेची जीप सफारी होती. वाघ आला. जीपच्या अगदी शेजारून गेला. व्हिडिओत मागे वाघ आहे आणि पुढे मी. माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं, मफलरवर लाळ.

मी झोपलो नव्हतो. जंगल डोळे मिटून ऐकायचं असतं. तोंड उघडं होतं कारण तिकडची हवा विरळ.

वाघ थांबून माझ्याकडे बघतो, तिथे प्रज्ञेश व्हिडिओ पॉज करतो. आज नवऱ्यामुलाचे वडील हसता हसता खुर्चीवरून घसरले. सुषमाही हसली. माझी मुलगी मानसी तर कॉलेजात जाऊन बाहेरच्यांना दाखवते.

सूड घेणार. शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. या वर्षीची हिवाळी ट्रिप मी काढणार. तीही माझ्या मुलखात. माझा जन्म तळेगावचा, मावळातले सगळे किल्ले मला पाठ आहेत. हायवेवरून कुठला कुठला, हे मी झोपेत सांगेन. (झोपेत नको. डोळे उघडे ठेवून सांगेन.)

योजना: सगळ्यांना भाज्याला न्यायचं, रात्री मुक्काम, सकाळी विसापूर किल्ला. बायकांना सोप्या वाटेने पाठवायचं आणि साडूला मी घळीतून वर नेणार. पावसाळ्यात त्या घळीतून पाणी कोसळतं, हिवाळ्यात नुसते धोंडे. लिफ्टने सातव्या मजल्यावर जाणारा माणूस. अर्ध्यात जीभ बाहेर काढून बसेल, "तुषारराव, पाणी," म्हणेल. त्या क्षणी मी मोबाइल काढणार. व्हिडिओला व्हिडिओ.

संध्याकाळी फोन केला. लगेच हो म्हणाला. वर "बरं वाटलं तुम्ही बोलावलंत" असंही म्हणाला. गाफील आहे.

सुषमाला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, अहो, तुमच्या मनात आलं हे किती चांगलं झालं. तिचा काहीतरी गैरसमज झालाय. दूर केला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

उद्यापासून व्यायाम. पहाटे पाचला उठून चौराई डोंगरी.

७ डिसेंबर, रविवार

थंडी फार. अशा हवेत एकदम व्यायाम केला तर स्नायू आखडतात. संध्याकाळी सोसायटीचे जिने चढायला काढले. दुसऱ्या मजल्यावर शेजारचे नसीरभाई लिफ्टचं दार धरून उभे होते. म्हणाले, या ना तुषारभाऊ. माणूस प्रेमाने बोलावतो आणि आपण जिन्याने जायचं, हे बरं दिसत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

ट्रेकिंगचे बूट आणले. नवे बूट पायात मुरवावे लागतात. रात्री घालून टीव्ही बघितला. दम बिलकुल लागला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

भाज्याला जाऊन आलो. मंगल मावशी म्हणून आहेत. घराला लागून दोन खोल्या काढल्यात, पाहुणे ठेवतात, स्वतः रांधून घालतात. भाताची कापणी झालेली, अंगणात पेंढ्याची उडवी, त्यावर कोंबड्या. मी थेट मुद्द्यावर आलो. विचारलं, किल्ल्याची सगळ्यात अवघड वाट कुठली?

मावशी म्हणाल्या, "घळीची. पर तितनं कशाला जाताय, भाऊ? आमी म्हशी बी न्हेत न्हाई तिकडनं."

मी म्हणालो, मला नाही जायचं, साडूला न्यायचंय.

मावशींनी सुपातले तांदूळ पाखडायचे थांबवले. "साडूवर राग हाय व्हय?"

राग कसला, हौस म्हणून, असं सांगितलं.

"तुमी गेलता का कवा वर?"

अनेकदा, म्हणालो. कॉलेजात असताना एकदा लेण्यांपर्यंत गेलो होतो. लेणी डोंगरातच आहेत, म्हणजे ते चढणंच झालं.

२० डिसेंबर, शनिवार

व्यायाम: ऑडिट चालू असल्याने नाही. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या म्हणजे शरीर थकतंच.

कोमलचा फोन होता. सुषमा गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. मी गेल्यावर कोथिंबिरीच्या वडीवर बोलायला लागली. प्रज्ञेशला बहुधा भीती वाटायला लागली असणार. उत्तम.

२७ डिसेंबर, शनिवार. भाजे.

दुपारी पोचलो. हायवेवर अख्खं पुणे लोणावळ्याला निघालेलं. प्रज्ञेश बारीक झालाय. बूट जुनेच घालून आला. बिचारा.

रात्री अंगणात शेकोटी. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, उद्याची शिदोरी म्हणून. प्रज्ञेशने एक अर्धवट खाल्ली आणि निखाऱ्यांकडे बघत बसला. कोमल त्याच्याकडे बघत होती, सुषमा कोमलकडे. मी मोबाइल चार्जिंगला लावला.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी, निघण्यापूर्वी.

धुकं. हवामान सुडाला अनुकूल. बायका आणि मानसी सोप्या वाटेने पुढे गेल्या. मावशींनी मला एक काठी देऊ केली. मी म्हणालो, साडूला द्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी. तळेगाव.

पलंगावर पडून लिहितोय. पाठीवर पडता येत नाही म्हणून पालथा.

घळ सुरू होईपर्यंत मी पुढे होतो. मग धोरण म्हणून प्रज्ञेशला पुढे जाऊ दिलं, कारण पडणाऱ्याचा व्हिडिओ मागून चांगला येतो. तो धोंड्यांवरून शेरडासारखा चालला होता. दम नाही, घाम नाही. मला जरा लागला. धुक्यामुळे. पुढे एका मोठ्या धोंड्यावर पाय टाकला आणि पोटरीत असा गोळा आला की मी "आई गं" म्हणून खालीच बसलो.

तो परत खाली आला. माझा बूट काढला, पोटरी चोळून दिली, स्वतःची बाटली दिली. पाणी मी मागितलं नव्हतं. मागणारच होतो.

विचारलं, तुम्हाला दम कसा लागत नाही? म्हणाला, रोज टेकडी चढतो. वेताळ टेकडी. सकाळी जातो, संध्याकाळी उतरतो.

मी म्हणालो, मग ऑफिस?

तर हा माणूस एकदम माझ्याशेजारी बसला आणि रडायला लागला. खाली मान घालून, खांदे हलवत. मी घाईघाईने मोबाइल काढला, समोरचं लोहगडाचं दृश्य घेतोय असं दाखवलं आणि कॅमेरा हळूच त्याच्यावर फिरवला. ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आला होता.

तो बोलत राहिला. "ऑक्टोबरमध्ये काढलं मला, तुषारराव. आमची सगळी टीमच काढली. कोमलला सांगितलं नाही. ती डबा देते, मी घेऊन निघतो, टेकडीवर बसून खातो. संध्याकाळी घरी येऊन सांगतो, आज मीटिंगा फार होत्या."

मी विचारलं, मग मला का सांगताय?

म्हणाला, "बाकी सगळ्यांच्या नजरेतून पडायची भीती वाटते. तुमच्या नजरेत मी आधीच पडलेलो आहे. आणखी कुठे पडणार?"

हे खरं आहे. पण तोंडावर ऐकायला कसंतरी वाटतं.

"तो व्हिडिओ मी सारखा लावतो ना, त्याबद्दल सॉरी. लोक हसायला लागले की मग कोणी विचारत नाही, काम कसं चाललंय."

मी पोटरी दुखतेय म्हणालो. त्याने नाक पुसलं, माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली, मला हात दिला आणि वर ओढलं. सबंध घळ असंच. तो ओढतोय, मी सूचना देतोय. वर तटाशी बायका संत्री सोलत बसल्या होत्या. खाली पवनेचं पाणी चकाकत होतं. मानसीने विचारलं, बाबा, तुम्ही काकांना आणलंत की काकांनी तुम्हाला?

उतरताना मी सुरक्षिततेसाठी बसून उतरलो. पँट मागे फाटली. खाली मंगल मावशी दारात उभ्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा प्रज्ञेशकडे.

"कोन कुनाला घेऊन गेलतं?" म्हणाल्या, आणि हळद तापवायला आत गेल्या.

२९ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. बाथरूममध्ये दार लावून व्हिडिओ बघितला. सगळं आलंय. रडणं, डबा, टेकडी, सगळं. हा एकदा फॅमिली ग्रुपवर टाकला की वाघ कोणाच्या लक्षातही राहणार नाही. सूड हातात आहे. अक्षरशः अंगठ्याखाली.

पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा बघताना त्याचा आवाज बारीक केला.

माझं व्यावसायिक मत असं की व्हिडिओ क्वालिटीत बसत नाही. फ्रेम हलते. मध्ये माझा बूट येतो. प्रकाश कमी. असा माल मी कारखान्यातून बाहेर जाऊ दिला नसता, मग घरातून कसा जाऊ देऊ? डिलीट केला. मोबाइलमध्ये जागाही हवीच होती.

डिलीट झालेल्या फायली जिथे जाऊन बसतात, तिथूनही काढला.

३१ डिसेंबर, बुधवार

प्रज्ञेशने कोमलला सांगितलं. कोमल म्हणाली, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुझ्या बुटांना रोज लाल माती लागायची. तू सांगशील म्हणून थांबले आणि डबा देत राहिले.

सुषमालाही माहीत होतं. मी ट्रिप काढली तेव्हा तिला वाटलं, मला कळलंय आणि मी त्याला मोकळं करायला डोंगरावर नेतोय. आता सगळ्या माहेरात माझं कौतुक चाललंय. सासूबाईंनी फोन करून "जावई नाही, मुलगा" म्हटलं.

मी त्याला सूड म्हणून नेलं होतं. पण हे कोणाला सांगायची सोय राहिलेली नाही.

३ जानेवारी, शनिवार

रात्रभर विचार करून नवा सूड काढलाय. आधीच्यापेक्षा भारी. साडूला आमच्याच कारखान्यात चिकटवायचं. माझ्या हाताखाली! मी बोलावलं की "येस सर" म्हणत येईल. फोर्कलिफ्टशेजारचं टेबल देणार. उन्हाळ्यात तिथे पंखा पोचत नाही.

प्लांट हेडना भेटलो. प्रज्ञेशची तारीफ करावी लागली, नाहीतर घेतील कसे? हुशार आहे म्हणालो. कष्टाळू आहे, अडचणीत माणसाला सोडून जात नाही. जरा जास्तच बोललो बहुतेक. साहेब म्हणाले, तुषार, एवढं चांगलं तू आजवर कुणाबद्दलच बोलला नाहीस.

१२ जानेवारी, सोमवार

इंटरव्ह्यू झाला. आत बराच वेळ होता. बाहेर हसण्याचे आवाज येत होते. मी तीनदा त्या बाजूने गेलो, पाणी प्यायला.

घेतलं. पोस्ट नंतर सांगणार आहेत. मी टेबल पुसून घेतलं.

१९ जानेवारी, सोमवार

आज साडू रुजू झाला.

फोर्कलिफ्टशेजारी नाही. क्वालिटीचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर जाणार आहे, त्याचा तो प्रमुख. काचेची केबिन. एसी. माझा रोजचा रिपोर्ट त्याच्याकडे.

सकाळच्या मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं की मी इथे आहे तो तुषाररावांमुळे. टाळ्या. मला उठून उभं राहावं लागलं.

शिवाय बाणेरहून रोज येणं अवघड म्हणून ते दोघं तळेगावात राहायला येतायत. आमच्याच सोसायटीत. सुषमाने घर बघून ठेवलंय, बरोबर आमच्या डोक्यावर.

संध्याकाळी रिपोर्ट परत आला. एका रकान्यात खूण केलेली. चूक त्याची निघावी म्हणून मी दोनदा तपासला. माझीच निघाली.

दुरुस्त केला आणि द्यायला गेलो. वाटेत ठरवलं होतं की नुसता टेबलावर टाकायचा, "घ्या प्रज्ञेश," म्हणायचं आणि वळायचं. दारापाशी पोचलो, त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मे आय कम इन, सर?"

वीस वर्षांची सवय.

तो हसला नाही. उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची मागे सारून माझ्यासाठी दुसरी पुढे ओढली आणि म्हणाला, "बसा ना, तुषारराव. चहा सांगतो."

हसला असता तर बरं झालं असतं. पुढचं काहीतरी ठरवता आलं असतं.