जयसिंगच्या जहाजाला माझी थोडी मदत

रहाटणी, सोमवार

चि. शालन हिला थोरल्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळी खुशाल हायेत, मी सोडून. तुझा गुडघा काय म्हणतो? तळेगावची हवा गार, गुडघ्याला सोसायची न्हाई (हे मी तुझ्या लग्नातच सांगितलं हुतं, पण माझं ऐकतंय कोण).

तर ऐक. आमचा जयसिंग रिटायर झाला तशी दिपालीनं बापाला शिडाच्या जहाजाचा खोका दिला. लाकडी जहाज, पण सगळं सुटं, आपण बसून जोडायचं. सांगाडा त्यानं झकास जोडला, आईनं खोटं का बोलावं. पण वर फळ्या लावायच्या आल्या आन् त्याच्या अंगातली कंपनी जागी झाली. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या मालात खोट काढलेला माणूस! एकेक फळी मोजायची, तांबड्या पेनानं फुली मारायची, "रिजेक्ट" म्हणून डब्यात टाकायची. बेचाळीस फळ्या, बेचाळीस फुल्या. (तुझे दाजी मला बघायला आले तवा असं मोजमाप केलं असतं तर हा जन्मलाच नसता.) चार महिने जहाज बरगड्या दावत टीव्हीपुढं उभं.

मग नवराबायको आठ दिवस लेकीकडं सांगवीला गेली. मी डबा उपसला. फळ्या कढत पाण्यात भिजवल्या, कळशीच्या पोटाला बांधून वाकवल्या, खोक्यातला डिंक लावला, वरनं कपड्याचे चिमटे. फुल्या सगळ्या आतल्या अंगाला. काय सांगू शालन, असं बसलं की मी एकटीच टाळ्या वाजवल्या!

जयसिंग आला, फिरून फिरून बघितलं, मोजलं, म्हणाला, "पास." मला वाटलं, फेडले पांग. तर संध्याकाळी शेजारच्या लक्ष्मणरावांना सांगतो कसा, "मीच बनवलं, आईनं थोडी मदत केली." थोडी! थोडी मदत चिमट्यांनी केली! आन् सूनबाई साधना काय म्हणाली असंल? "आत्याबाई, माझे चिमटे परत द्या."

तुझी अक्का,
तानुबाई

ता.क. रविवारी त्याच्या कंपनीतली माणसं जहाज बघायला येणार. तू येच. सगळ्यांसमोर मोठ्यांदा विचार, "ह्या फळ्या कुणी गं वाकवल्या?" मी लाजून "कुणाला ठावं" म्हणीन. तू सोडायचं न्हाई.

आणखी ता.क. एक फळी माझ्या हातनं मोडली, तिथं कुल्फीची काडी तासून बसवलीय. कुणाला बोलू नकोस. मोजताना जयसिंग म्हणाला, सगळ्यांत सरळ हीच.