सना आज बोलली

प्रिय वत्सलाताई,

आज आपल्या अंगणवाडीत सना बोलली! तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, तरी ही बातमी द्यायला हात फोनकडे गेलाच. म्हणून लिहायला बसले.

आठवतो तिचा पहिला दिवस? बाप परदेशात वेल्डर. तिकडे लढाई पेटली, तेव्हा त्याने बायकोला नि चार वर्षांच्या पोरीला इथे बोर्लीला आजीकडे धाडलं, स्वतः मात्र तिकडेच अडकला. सना आली ती थेट धान्याच्या पिंपामागे जाऊन बसली. हसणं नाही, रडणं नाही. मी म्हटलं, "मुकी आहे वाटतं." केवढ्या रागाने बघितलंत माझ्याकडे!

तिची आई नसरीन मोकळी झाली ती तुमच्यापाशीच. तिकडे हल्ल्याचा भोंगा वाजला की ती सनाला घेऊन बाथरूममध्ये बसायची, तिच्या तोंडावर हात दाबून.

"मीच हिची वाचा घालवली का हो, बाई?"

"तू तिला जपलंस," तुम्ही म्हणालात. "पण गप्प राहिलो म्हणून वाचलो, असं पोरीच्या मनाने घेतलंय. बोलायची भीती वाटणारच. थांबूया आपण."

मला कुठे थांबता येत होतं! पर्यवेक्षिका येणार त्या दिवशी मी लाडू हातात धरून म्हटलं, "नाव सांग, मग देते." सनाला उभ्या उभ्या शू झाली. दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. एवढा राग धरायचा, ताई? पण खरं सांगू, तो लाडू आठवला की अजून मान खाली जाते.

मग डोंगराकडच्या रस्त्याला सुरुंग लागायला लागले. पहिल्याच बाराला सना टेबलाखाली. आणि तुम्ही, ते दुखरे गुडघे घेऊन, तिच्या शेजारी! "भिऊ नको गं. रस्त्याचा हाय. डोंगर फोडतायत, आपल्यावर काय पडणार न्हाय." प्रत्येक बाराला तेच, त्याच सुरात. मला मेलीला हसू यायचं. नंतर तुम्हाला ओढून बाहेर काढायचं काम माझंच ना!

तुम्ही गेलात नि पोरं विचारायला लागली. सगळे म्हणाले, "गावाला गेल्या म्हणून सांग." पण सना समोर होती. अब्बा मागून येतो म्हणाला, तो अजून आलेला नाही, हे तिला ठाऊक आहे. मला खोटं बोलवेना. "ताई वारल्या," मी म्हटलं, "आता येणार नाहीत. मला पण रडू येतंय." आणि रडले, सगळ्यांसमोर. सना येऊन माझा पदर धरून उभी राहिली. स्वतःहून, पहिल्यांदाच.

आज सुरुंगाआधीची शिट्टी ऐकूच आली नाही. बार झाला नि मीच किंचाळले! हातातला डाव उडाला, खिचडी भिंतीवर. सना चालत आली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, भिऊ नको. रस्त्याचा हाय."

तुमचेच शब्द, ताई! किती दिवस आत जपून ठेवले होते पोरीने?

निरोप धाडला तशी नसरीन धावत आली, तिथूनच तिने नवऱ्याला फोन लावला. पडद्यावर त्याचा चेहरा आला. सनानेच आधी विचारलं, "अब्बा, जेवलास?"

"व्हय, बेटा. जेवलो," एवढंच त्याला बोलता आलं.

सगळं बरं झालंय असं नाही. दार आपटलं तरी ती दचकते. झोपेत ओरडते, नसरीन सांगते. पण आता ओरडते तरी! आधी तोंड मिटून नुसती थरथरायची.

सोमवारी एक नवी पोर येणार आहे. तळ्याकडची, दरडीत घर गेलेली. तीन वर्षांची आहे, पण आईच्या कडेवरून खाली पाय टेकवत नाही म्हणे. तिची आई आता कामाला जाणार. तुम्हाला वचन देते, ताई, ती आपणहून उतरेपर्यंत मी तिला कडेवर ठेवीन. आठवडा लागो, नाहीतर वर्ष. एका हाताने वाढायची सवय आजपासूनच करतेय.

तुमची,
नंदा