थंड इंजिन

अप्पा, गाडी आता पहिल्याच किल्लीला चालू होते. तुम्ही असता तर बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गाडीचं काही सांगायचं झालं की अजून तुम्हीच आठवता. दुसऱ्या कुणाला त्यात रस नाही.

आईसाठी मी पुण्याहून सोलापूरला एका महिन्याच्या बोलीवर आले होते. ती न्हाणीघरात पडली होती, हाड जुळलं की परत जायचं होतं. हाड जुळलं, पण तोवर बाकीचं सुटत गेलं. हा माझा इथला तिसरा हिवाळा. नवरा फोनवर आधी "कधी येतेस?" असं विचारायचा, आता "जेवलीस का?" एवढंच विचारतो. आईला तुम्ही गेल्याचं आठवत नाही. सकाळी उजाडलं की ती इरकली नेसते, पर्स घेते आणि अंगणात जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसते. मैंदर्गीला जायचंय, माहेरी. तिथे तिचं आता कुणी उरलेलं नाही, घरही विकलं गेलं, हे मी सांगून पाहिलं. ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "नडी, होगोण. ह्यांना सांग, उशीर व्हायलाय." नडी, होगोण म्हणजे चल, जाऊ या. तुमच्याशी ती कधी कानडी बोलली नाही, माझ्याशी मात्र आता सारखी बोलते.

यावर एकच उपाय मला सापडला होता. गाडी चालू करायची, सिद्धेश्वराच्या तलावाला वळसा घालायचा आणि परत दारात आणून उभी करायची. "पोचलो का?" असं ती विचारते, मी हो म्हणते, ती समाधानाने उतरते आणि चहा पिते. पण यंदा थंडी सुरू झाली आणि गाडी अडून बसली. किल्ली फिरवावी तर इंजिन नुसतं खोकायचं, मग पेट्रोलचा वास यायचा, मग बॅटरी मान टाकायची. आणि गाडी हलल्याशिवाय आई उतरायची नाही.

एका सकाळी ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. सीट ओली झाली. मी तिला हाताला धरून ओढलं, तिने दाराची कडी घट्ट पकडली, आणि मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या अक्का कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी तिला गोडीगुलाबीने उतरवलं. मी मागच्या टायरला टेकून खाली बसले.

दुपारी गाडी ढकलून चालू केली आणि मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "ताई, गाडी बिघडली न्हाय, पेट्रोल बदललंय. आता त्यात उसाचं इथेनॉल असतंय की. ह्या जुन्या कार्बोरेटरला ते पातळ पडतंय." त्याने मिश्रणाचा स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल वाढवलं, आणि गाडी झकास चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी परत गेले तर म्हणाला, "हितं येईस्तोवर गाडी तापती, ताई. थंडीतलं दुखणं थंडीतच दिसतंय. सकाळी उठून तुमालाच बघावं लागंल. न्हायतर विका की, कोण वापरतंय आता असल्या गाड्या!" विकते कशी? आई बसणार कशात?

मग मीच बॉनेट उघडलं. तुम्ही यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, दिवसभर दुसऱ्यांचे माग दुरुस्त करायचा आणि रविवारी हिच्यात डोकं घालून बसायचा. मी शेजारी उभी. कॉलेजात असताना मी एकदा चोक ओढून धरला होता, तेव्हा तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत, "चोक धरून बसू नगंस! गाडी भिजती, मग कुणाच्या बाला चालू व्हत न्हाय." त्या चापटीचा मला फार राग आला होता, कारण समोर माझी मैत्रीण होती. आता एअर फिल्टरचं झाकण काढून बघते तर चोक पूर्ण ओढला तरी हवा अडवणारी आतली पाकळी अर्धवटच मिटतेय. केबल ढिली पडली होती. मी ती ताणून आवळली. दुसऱ्या सकाळी इंजिन पेटलं, पण लगेच विझलं. मग थंड इंजिनाचा फिरण्याचा वेग थोडा वाढवला. तिसऱ्या सकाळी मिश्रणाचा स्क्रू किंचित आणखी सैल केला. बोटं बधिर झालेली, आत आई पर्स मांडीवर घेऊन बसलेली. मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. आवाज स्थिर झाला. आईने कान दिला आणि ती म्हणाली, "ह्यांनी केली व्हय नीट?" मी म्हटलं, "व्हय."

वाटलं, सुटले. पण आता गाडी लगेच चालू होते हे आईलाही कळलंय. चहा झाला की ती पुन्हा जाऊन बसते. जेवण झालं की पुन्हा. दिवसातून कितीदा तरी मी त्या तलावाभोवती फिरते, आणि पाणीपुरीवाला आता मला हात करतो. पूर्वी निदान गाडीचं कारण होतं.

परवा दुपारी ती झोपली तेव्हा अक्कांना बसवून मी एकटीच गाडी बाहेर काढली. म्हटलं, लांब चालवून बघू. पुणे रस्त्याला लागले. गाडी कुठे अडखळली नाही, चढाला दमली नाही. मोहोळला थांबून नवऱ्याला फोन केला. "मोहोळात आहे," म्हटलं. तो म्हणाला, "मग ये की." रस्ता सरळ होता. ट्रकच्या मागे ट्रक पुण्याकडे चालले होते. मी किती वेळ स्टिअरिंग धरून बसले, माहीत नाही. मग गाडी सोलापूरकडे वळवली. घरी आले तेव्हा आई अंगणात उभी होती, आणि अक्का तिचा पदर धरून. "कुटं गेलतीस?" आईने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने मला ओळखून विचारलं होतं. मी म्हटलं, गाडी बघायला नेली होती.

अक्कांनाही तेच सांगितलं. तुम्हाला सांगते, कारण हा कागद कुठे जाणार नाही. मोहोळला मी टाकी पूर्ण भरून घेतली होती, अप्पा. घरी परत यायला एवढं पेट्रोल लागत नाही.