चौकटीबाहेरची खुर्ची

तीर्थरूप आईस,
धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आज वर्गात सरांनी एका सिनेमातला प्रसंग दाखवला. स्वयंपाकघरात एक बाई हसत बोलतेय आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याला अगदी चिकटलेला. सरांनी विचारलं, "इतक्या जवळून का दाखवलंय?" मी पटकन म्हणाले, "आजूबाजूचं दिसू नये म्हणून. ती हसतेय, पण नजर सारखी आतल्या खोलीकडे जातेय. तिथे कुणीतरी आजारी आहे." सर खूश झाले. मला मात्र तू आठवलीस.

आई, हल्ली व्हिडिओ कॉलवर तू अशीच दिसतेस. पूर्वी फोन डब्याला टेकवून ठेवायचीस. मागे बाबांची खुर्ची, त्यांचे पाय, अर्धं वर्तमानपत्र दिसायचं. आता फोन हातात आणि नुसता तुझा चेहरा. बाबा कधी झोपलेले, कधी बाहेर गेलेले. परवा आतून कुणीतरी खोकलं, तर तू लगेच मिक्सर लावलास. भांडं रिकामं होतं गं, आवाजावरून कळतं.

ताई म्हणते, "सिनेमे बघून तुझं डोकं फिरलंय." फिरलेलं असू दे, देवा.

फोनवर विचारलं तर तू विषय बदलशील, म्हणून हे पत्र. बाबांना नमस्कार तुझ्याकडे देत नाही, मी स्वतःच करीन. पत्र मिळालं की फोन लाव, काही बोलू नकोस, फक्त कॅमेरा त्यांच्या खुर्चीकडे वळव.

खुर्ची रिकामी असली, तरी वळव.

तुझीच,
धाकटी