क्लिफ हार्डकासलचं दार

हेझेलताई,

आईने फोनवर सगळं सांगितलं. दाराच्या फटीतून पत्रकं सरकवताना कुत्र्याने बोटं तोडू नयेत म्हणून तुम्ही पक्षवाले लाकडी उलथनं वापरता, तेच त्या क्लिफने हिसकावलं आणि तुझ्या कपाळावर हाणलं. टाके पडले! जन्मभर तुमच्याच पक्षाला मत देणारा माणूस! ऐकलं आणि इथे समुद्रात, तेलाच्या रिगवर, लोखंडी कपाटाला बुक्क्या मारून मी हाताची सालटी काढली. म्हटलं, घरी जायचं ते त्याचे दात पाडायलाच.

आणि तू दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी लावून परत त्याच्याच दारात! वेडी आहेस का गं?

"आता काय राहिलंय?" तो गुरगुरला म्हणे.

"काल तुमचं बोलणं अर्धंच राहिलं, काका."

मग पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा कुठे मेला होतात, असं म्हणत त्याने आपल्या दोघांच्या आईबापाचा उद्धार केला. तू म्हणालीस, "आलोच नाही आम्ही. चुकलं." मत मागितलंच नाहीस.

"मत मिळणार नाही," तो म्हणाला. "पण गुरुवारी ये. माझं संपलेलं नाही."

हे पत्र पाठवत नाही, नाहीतर येऊ नको म्हणशील. मी बुधवारच्या हेलिकॉप्टरने निघतोय. गुरुवारी तुझ्यामागे उभा राहीन, दोन्ही हात खिशात घालून. त्याला हव्या तेवढ्या शिव्या देऊ दे, हात बाहेर काढणार नाही. त्याने तुझ्यावर हात उगारला, तर मात्र शब्द देत नाही.

तुझा माथेफिरू,
रीस